मिशन सोडून भटकणारे पोट्टे

जीटीए सहा हा गेम २०२६ च्या मे महिन्यातून उचलून त्याच वर्षाच्या १९ नोव्हेंबरवर टाकला. मंग्याला ही बातमी कापसाची गाडी उतरवताना कळली. संध्याकाळी ठेल्यावर आला तेव्हा त्याचं तोंड पडलेलं होतं. शंकरमामा खर्रा घोटत होते. अक्षयनं सरकून जागा दिली अन् लगेच डिवचलं.

"पाचवा आला तेरा सालच्या सप्टेंबरात. तवा तू बारावीत होता."

"होतो ना."

"दोन सालं होता."

"तुले काय करा लागते बे? पास झालो ना?"

एवढ्यात दिनेशभाऊ आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि गावातल्या कोणत्याही विषयावर शेवटचा शब्द आपलाच, असा भाव. लांबूनच त्यांच्या कानावर 'गेम' एवढंच पडलं होतं.

"मी सांगतो तुम्हाले, सरकारनं पंचवीस सालच्या ऑगस्टात कायदा करून सगळे गेम बंद केले. तरी तुमी खेळून राहिले. पोलीस आले तर माह्याकडे येजा नका."

"भाऊ, तो कायदा पैसे लावाच्या गेमले हाय," मंग्या म्हणाला. "रमी अन् तसल्या भानगडी. आपला गेम एकदा विकत घेतला का झालं, त्याच्यात कोणाचं घर बसत नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सले मान्यता देली हाय."

"गेम म्हणजे गेम."

"मंग तुमी दिवसभर रील पाहता थे काय समाजकार्य हाय?"

"थो अभ्यास हाय. जनतेचा मूड समजते." भाऊंनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की शंकरमामांचा घोटणारा हात थांबला.

खरा वाद होता अक्षय आणि मंग्याचा: गेम एकट्यानं खेळावा का सोबतीनं. मंग्याला पाहिजे मोठा नकाशा, भटकायची आझादी आणि संगं दोस्त. अक्षय एमपीएससी करतो आणि गेमही त्याच शिस्तीत खेळतो. मिशन, म्हणजे गेमनं नेमून दिलेली कामगिरी, क्रमानं, नकाशावरची एकही खूण सोडायची नाही, शेवटी शंभर टक्के. रेड डेड रिडेम्प्शन २ त्यानं घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून, एकट्यानं संपवला. घोडा मेला त्या रात्री जेवला नाही, हे तो अजूनही सांगतो. त्याच्या मते सोबत खेळणं म्हणजे गोंधळ.

"नकाशा मोठा केला म्हणजे आझादी होत नाही. गोष्ट लागते. अन् गोष्ट एकट्यानंच ऐकाची असते. तू संगं असला म्हणजे तिकडे माणूस मरून राहिला अन् तू इकडे म्हणते, 'स्किप कर, स्किप कर.'"

"थे गोष्ट लिहिणाऱ्याची हाय. माही कुठं हाय त्याच्यात?"

"म्हणजे?"

"जीटीए सॅन अँड्रियास आठवते? तू शेवटपर्यंत गेला. तुले जे दिसलं थेच जगातल्या सगळ्याले दिसलं. आमी थ्या रेल्वेच्या मिशनवर अटकलो, अन् तथूनच आमचा गेम सुरू झाला."

इथं मला बोलावं लागलं, कारण दारव्ह्याच्या त्या सायबर कॅफेत मीही होतो. रेल्वेमागं बाइक पळवायची आणि मागं बसलेल्या जाड्यानं नेम धरायचा, असं ते मिशन. तालुक्यातल्या निम्म्या पोरांचा खेळ तिथंच संपायचा. मग आम्ही सायकल घ्यायचो, गेममधल्या माउंट चिलियड डोंगराच्या टोकावर चढायचो आणि तिथून खाली सुटायचो. एका खुर्चीवर दोघं. कीबोर्ड मंग्याकडे, माउस दुसऱ्याकडे, आणि मागं उभं राहून कोड सांगायचं काम माझं. 'हेसोयाम' लिहिलं की जीव भरून यायचा, चिलखत यायचं आणि अडीच लाख डॉलर जमा व्हायचे. सायकल कठड्यावरून उडाली की तिघंही ओरडायचो आणि कॅफेवाला बाहेर काढायची धमकी द्यायचा.

गंमत अशी की २००४ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या त्या गेममध्ये काही ठिकाणी दोघांनी मिळून खेळायची सोय होती. दोघांना एकाच पडद्यावर राहावं लागायचं, फार लांब जाता येत नसे. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर गेम आला त्यात ही सोय नव्हतीच. आमच्याकडे एक कॉम्प्युटर, एक माणूस खेळेल असा गेम आणि तिघांपुरते पैसे. सोबतीचा खेळ कंपनीनं दिला नव्हता, आम्हीच तो उभा केला होता. माझ्यासाठी या वादाचा निकाल तिथंच लागलेला आहे. पण अक्षयला तो मान्य नाही, म्हणून पुढचं लिहितो.

"थे लहानपण होतं," तो म्हणाला. "आता काय? एल्डन रिंगमधी मित्राले बोलावलं का घोडा बंद. दोघं पायी फिरा. बॉस मेला का मित्र आपल्या जगात वापस. याले सोबत म्हणाचं? अन् आझादी चौघात वाटली तर हरेकाच्या वाट्याले चौथाई येते."

हे मात्र त्यानं बरोबर पकडलं. एल्डन रिंगमध्ये खरंच तसं आहे, आणि मंग्या क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला:

"वावर वाटलं तर चौथाई होते. सावड केली तर चारही वावरं निंदून होतात."

शंकरमामांनी घोटलेला खर्रा सगळ्यात आधी मंग्याच्या हातावर ठेवला.

आझादी ही या खेळांत नवी नाही. १९८४ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोघांनी 'एलिट' हा अंतराळातला गेम केला तो बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर, आणि त्या यंत्राची सगळी मेमरी ३२ केबी. त्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. व्यापार करा, चाचेगिरी करा, नुसते फिरा, तुम्ही कुठं जावं हे कोणी सांगत नव्हतं. ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा गेम २०१७ चा. सुरुवातीचं पठार उतरलं की समोर किल्ला दिसतो आणि शेवटचा शत्रू तिथंच बसलेला असतो. पहिल्याच दिवशी जाऊन भिडा, मार खाल, पण वाट अडवणारं कोणी नाही. मला यात हेच आवडतं. मनाई नसते आणि केल्याचं फळ आपल्यालाच मिळतं. शाळेपासून नोकरीपर्यंत, आणि शेतीत तर पाऊस नि भाव ठरवतील तसं, दुसऱ्यानं आखलेल्या रस्त्यावरून चालणाऱ्या पोरांना दोन तास असं कुठं मिळतं?

पण नुसती जागा पुरत नाही. ते मी नो मॅन्स स्काय या गेमच्या गोष्टीवरून सांगितलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो आला. ग्रहांची संख्या अठराच्या पुढं अठरा शून्यं. पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागेवर जाऊन उभे राहिले, आणि दोघांना एकमेक दिसेनात. एवढ्या मोठ्या विश्वात लोकांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. खरी सोबत आली २०१८ च्या जुलैत, मोठं अपडेट आलं तेव्हा.

"म्हंजे दोन साल लोकं ग्रह मोजत बसले," मंग्या म्हणाला. "एकटा भटकला तर अर्ध्या घंट्यात माणूस कंटाळते. तू पडला थे पाहाले कोणी तरी पाहिजे. नाही तर पडून फायदा काय?"

"अन् पाहून हासाले पाहिजे," शंकरमामा बोलले. ते गेम खेळत नाहीत, पण ऐकतात सगळं.

सी ऑफ थीव्हज या चाच्यांच्या गेमचं मी मुद्दाम सांगितलं, कारण सोबत कशी बांधून काढावी ते त्यात दिसतं. मोठ्या जहाजावर चौघं. नकाशा खालच्या मजल्यावर टेबलावर पसरलेला, सुकाणू वर. सुकाणू धरणाऱ्याला नकाशा दिसत नाही आणि शीड पूर्ण सोडलं की समोरचा खडकही दिसत नाही. म्हणजे एकानं खालून ओरडायचं, एकानं पुढं उभं राहून पाहायचं, एकानं शीड ओढायचं. बनवणाऱ्यांनी मुद्दाम कोणालाच सगळं दिलेलं नाही. पुण्याचा माझा मावसभाऊ, नागपूरचा एक मित्र, मंग्या आणि मी असे खेळलो तेव्हा पहिल्या रात्री जहाज बुडालं. खजिना काय मिळाला असता हे आज कोणालाही आठवत नाही, पण कोण कोणाला काय बोललं ते शब्दन् शब्द पाठ आहे.

"अन् बुडवलं कोणं?" अक्षयनं विचारलं. "यानंच ना? गाडीवर फिराले गेलो तवाबी तसंच. परतवाड्याहून सरळ चिखलदऱ्याले चढाचं, तर हा सेमाडोहच्या रस्त्याले लागला. म्हणे पाहू तिकडे काय हाय. जंगलात पेट्रोल संपलं. थ्या रात्री याची आझादी मी ढकलत आणली, माह्या हातानं."

"वाघ दिसला असता तर?"

"दिसला असता तर तू त्याच्या संगं को-ऑप खेळला असता."

"ज्यानं मले टुर्नामेंटच्या फायनलमधी रनआउट केलं त्यानं मले सोबत शिकवू नये," मंग्या उसळला. "'ये ये' म्हणे, अन् अर्ध्यातून 'नाही' म्हणे. तूच सांग, असा गडी जीटीए ऑनलाइनच्या हाइस्टमधी कोण घेईन?"

हाइस्ट म्हणजे मिळून टाकायचे दरोडे, ते आले २०१५ च्या मार्चमध्ये. मोठ्या दरोड्यांना बरोबर चार गडी लागायचे, तीनवर सुरूच होत नसे. एका रविवारी आम्ही तिघं अर्धा दिवस चौथ्याची वाट पाहत बसलो होतो. तो चौथा अक्षय होता. त्याला अचानक इतिहासाचं रिव्हिजन आठवलं. ही जखम अजून ओली आहे, आणि या बाबतीत मी मंग्याच्या बाजूनं आहे.

अक्षय थोडा नरमला. "व्हॅलहाइमचं म्हणाल तर थो बरा वाटला मले," त्यानं कबूल केलं. स्वीडनच्या पाच माणसांनी केलेला गेम, २०२१ च्या फेब्रुवारीत आला, एका जगात दहा जणांपर्यंत राहता येतं. झाड तोडलं की ते खरंच पडतं आणि ज्याच्यावर पडेल तो मरूही शकतो. मंग्यानं तोडलेलं झाड पहिल्याच दिवशी अक्षयच्या नव्या छपरावर आलं होतं. हरभऱ्याला ओलीत सुरू होतं, लाईन रातची, त्यामुळं जागरण तसंही होतंच. मोटर चालू करून घरी यायचं, तासभर खेळायचं, बारं बदलायला पुन्हा वावरात. अक्षयला त्या रात्री पुस्तकाची आठवण झाली नव्हती.

"छपरात मजा होती," तो म्हणाला. "एकटा असतो तर सेव्ह केलेलं वापस लावलं असतं. तुमच्यासमोर लावता नाही आलं."

एवढा वेळ आपल्याला कोणी विचारलं नाही, हे दिनेशभाऊंना सहन होईना.

"मी सांगतो तुम्हाले, यानं संस्कार बिघडतात. आमचा सोनू पाहा. थो मंग्याच्या पुतण्यासंगं माइनक्राफ्ट खेळते. घरी येऊन भांडते. एवढुसा चेहरा करून बसते."

"भांडते कायले, थे विचारा ना त्याले," मंग्याचा आवाज वर गेला. "आमच्या चिंट्यानं घर बांधलं, आवार घातलं, डुकरं पाळली. तुमच्या सोनूनं रातच्याले कुंपण सरकवलं. दोन ठोकळे आत!"

"पोट्ट्यांचं हाय थे."

"पोट्ट्यांचं कसं? तुमच्या घरची रीतच हाय. माह्या काकाचा धुरा कोणं सरकवला?"

"धुऱ्याचं नाव काढू नको. थे मोजणीत निघालं हाय."

"मोजणीवाल्याले जेवू कोणं घातलं?"

"मंग्या, जास्त होऊन राहिलं."

"काही जास्त नाही. भाऊ, तुमाले मालूम हाय काय, कॉम्प्युटरवरच्या माइनक्राफ्टचं जग केवढं हाय? या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे! सहा कोटी! अन् तुमच्या सोनूले माह्या पुतण्याच्याच आवारातले दोन पाहिजेत?"

शंकरमामा खुर्चीवरून उठून मागं गेले, कारण हसताना त्यांना ठसका लागतो. अक्षयनं डोळे पुसले. दिनेशभाऊ लाल झाले, खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"सोनू! अबे, थ्या चिंट्याच्या आवारात कुंपण घातलं म्हणे तू? ... हव? ... किती ठोकळे? ... तीन?"

ठेल्यावर सगळे गप्प. भाऊंनी स्पीकर बंद केला, तोंडावर हात धरला आणि पाठ वळवली, तरी ऐकू आलंच.

"हे दोनच म्हणून राहिले. तू काही सांगू नको."