रोख देणाऱ्याची पत कशाला तपासायची?

अमेरिकेत एकरकमी पैसे भरून गाडी घेतली तरी डीलर क्रेडिट रिपोर्ट (गिऱ्हाइकाच्या कर्जफेडीची कुंडली) काढतो, कारण 'कायदाच तसा आहे', असं एका लेखात वाचलं. कायदा वेगळंच सांगतो. १० हजार डॉलरच्या वर रोकड आली तर डीलरने १५ दिवसांत आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे, फॉर्म ८३०० भरायचा. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, हे खरं. शिवाय गिऱ्हाइकाचं नाव ओफॅकच्या (अमेरिकी अर्थखात्याचा निर्बंध विभाग) यादीशी ताडायचं. यापैकी कशालाच क्रेडिट रिपोर्ट लागत नाही. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या खात्यावरचा साधा चेक त्या फॉर्मच्या हिशेबात 'रोख' नसतोच!

चेक वटेल का, ही डीलरची भीती मी समजू शकतो. मग बँकेकडून थेट खात्यात पैसे (वायर) मागा की.

न्यू जर्सीत माझ्या मेव्हण्यासमोर सह्यांच्या गठ्ठ्यात चक्क कर्जाचा अर्ज सरकवला होता. पगार किती, घरभाडं किती, सगळे रकाने. 'नुसती फॉर्मॅलिटी आहे, सर.' पठ्ठ्याने त्यावर आडवी रेघ मारली आणि 'क्रेडिट तपासायला परवानगी नाही' असं लिहून दिलं. मॅनेजर आत जाऊन आला, गाडी मिळाली. कर्ज गळ्यात मारलं की डीलरला त्यात वाटा मिळतो, खरी मेख तिथे आहे. तुमच्या रिपोर्टवर मात्र त्या कर्ज-अर्जापायी झालेली पत-तपासणी दोन वर्षं दिसते.

एक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या हे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या; तिघींकडे २०१८पासून क्रेडिट फ्रीझ, म्हणजे नव्या कर्जासाठी रिपोर्ट कुणाला बघता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, फुकट आहे. शोरूमची पायरी चढण्याआधीच करून टाका.