इम्युनिटी वाढवायची नाही, शांत करायची आहे

आईचे डोळे तीन वर्षांपासून दुखतात. वाळूचा कण गेल्यासारखं सतत खुपतं, कूलरची हवा लागली की सुया टोचतात, रात्री उठून ओला रुमाल ठेवून बसावं लागतं. डोळा मात्र पांढराशुभ्र. लाली नाही, म्हणून नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या दोन दवाखान्यांतून "वयामुळे होतं, टेन्शन घेऊ नका" एवढं ऐकून आम्ही परत आलो.

नातेवाइकांचं एकच पालुपद. "काकू, गुळवेल घ्या, इम्युनिटी कमी झाली असन." प्रेमानंच म्हणतात. पण आठ महिने वाचून, डॉक्टरांना विचारून मला हे ठासून सांगायचंय की आईची इम्युनिटी कमी नाहीच. ती भलतीकडेच चालून गेलीय, स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर. आजाराचं नाव शोग्रेन. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञानं १९३३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला होता.

खुणा घरातच होत्या. तोंड भाजतं म्हणून आईनं तर्री-पोहे सोडले. कोरडी पोळी पाण्याशिवाय उतरत नव्हती. मावशी गेली तेव्हा आई हुंदके देत होती आणि गाल कोरडे होते. मी शेजारीच बसले होते, मला अर्थ कळला नाही.

शेवटी एका डॉक्टर मॅडमनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती १० मिलिमीटरच्या पुढे भिजायला हवी, आईची ३ वर थांबली. रक्तात अँटी-एसएसए, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उठणारी अँटीबॉडी, पॉझिटिव्ह निघाली. मग त्यांनी बधिर करणारा थेंब घातला आणि विचारलं, "आता किती दुखतंय?" त्यानं दुखणं पूर्ण थांबलं तर त्याचं मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर, राहिलं तर ते आत नसांमध्ये, मेंदूत जाऊन बसलेलं. आईचं निम्मं राहिलं. म्हणजे उपचार दोन्हीकडे हवेत. तीन वर्षांत हा एक थेंब कुणीच का घातला नाही? (तो घरी मात्र मागू नका, वारंवार घातला तर बुबुळावर जखम होते.)

आता सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू आहेत. बदललेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून देतात तेच औषध, डोळ्यासाठी अगदी सौम्य करून. ते चवताळलेल्या टी-पेशींना, म्हणजे इम्युनिटीच्या सैनिक पेशींना, आवरतं. पण सुरुवातीला झोंबतं आणि गुण यायला काही महिने लागतात. हे लिहून देतानाच सांगायला हवं, नाहीतर पेशंट बाटली टाकून देतो. आई दहाव्या दिवशी "नको गं बाई" म्हणालीच होती. आणि झटपट आराम पडतो म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नका. डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो.

दुसरा उपचार आईच्याच रक्ताचा. रक्त गोठू देतात, यंत्रात गरगर फिरवून वरचं सीरम, म्हणजे पिवळसर पाणी, वेगळं करतात आणि पातळ करून थेंब बनवतात. पृष्ठभाग आणि नसा भरून यायला लागणारे घटक त्यात असतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, त्यामुळे थंडच ठेवावं लागतं. मे महिन्यात नागपुरात हे सांभाळणं सोपं नाही. परवा भर दुपारी आई ऑटोत थर्मास मांडीवर घेऊन बसली होती, डोक्याचा दुपट्टा सोडून त्याला गुंडाळलेला. घरी आल्यावर आधी बाटल्या फ्रीजरमध्ये गेल्या, मग आम्ही पाणी प्यायलो.