सात काळांचा तक्ता आणि मिशन कंपाउंडचा सातबारा

सलाम.

युवक संघाच्या ग्रुपवर तो तक्ता पुन्हा फिरतोय. डावीकडे एदेन बाग, उजवीकडे सहस्र वर्षांचं राज्य, मध्ये कमानींची रांग, वर जाणारे बाण, खाली येणारे बाण. त्याखाली एका पोराने मला टॅग करून विचारलंय, "अंकल, तुम्ही डिस्पेन्सेशन मानता की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा." तेवढ्यात भागत नाही, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देवाने माणसाशी निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या तऱ्हेने व्यवहार केला, दर काळी माणसाची परीक्षा झाली आणि दर वेळी माणूस नापास झाला, अशी ही मांडणी. काळ सात: निर्दोषता, सदसद्विवेक, मानवी शासन, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. आपण सहाव्यात आहोत. इस्राएल वेगळं, मंडळी वेगळी. मंडळी, म्हणजे विश्वासणारे, आधी स्वर्गात उचलली जाणार, मग पृथ्वीवर महासंकट, मग ख्रिस्ताचं राज्य. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या माजी अँग्लिकन पाळकाने याची घडी बसवली आणि अमेरिकेच्या वाऱ्या करून ती तिकडे रुजवली. १९०९ मध्ये सी. आय. स्कोफिल्ड या अमेरिकन पाळकाचं टीपांसह बायबल निघालं, तेव्हा ती घरोघरी पोचली. तक्त्यांची हौस मुख्यतः क्लॅरेन्स लार्किनची. हा गृहस्थ पाळक होण्याआधी ड्राफ्ट्समन होता, आणि त्याची चित्रं बघितली की ते लगेच कळतं. प्रकटीकरणाचा प्लॅन म्युनिसिपालिटीत मंजुरीला टाकावा इतकं नेटकं काम.

आता माझं म्हणणं. काळ सात की तीन, महासंकट आधी की नंतर, यावर मी रात्र जागवणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या शब्दावर ही सगळी इमारत उभी आहे तो पौलाच्या पत्रांतला ग्रीक शब्द, ओइकोनोमिया, घराच्या कारभाराचा आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायातला तो लबाड कारभारी आठवा. नोकरी जाणार म्हटल्यावर धन्याच्या कर्जदारांना बोलावतो, शंभर मापं तेलाचं पन्नास लिहायला लावतो, शंभर मापं गव्हाचं ऐंशी. तिथे धनी त्याला म्हणतो, कारभाराचा हिशेब दे. इफिसच्या पत्रात पौल कृपेबद्दल बोलतो तिथेही तोच शब्द. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी सलाम पाठवणारा एरास्त हा नगराचा खजिनदार, त्याचा हुद्दाही याच घराण्यातला. म्हणजे सोपवलेला माल, सोपवणारा धनी आणि हिशेबाचा दिवस. तक्त्यात यातलं काय उरलं? कमानी आणि बाण.

डिस्पेन्सेशनवाल्यांवर अन्याय नको. त्यांच्यातल्या अभ्यासकांना हे चांगलं ठाऊक आहे. डॅलस सेमिनरीच्या चार्ल्स रायरी यांनी १९६५ मध्येच ठासून सांगितलं की डिस्पेन्सेशन म्हणजे नुसता कालखंड समजू नका, तो कारभार आहे, जबाबदारी आहे. शिवाय त्यांचं एक ऋण आपण मान्य केलंच पाहिजे. इस्राएलला दिलेली अभिवचनं परस्पर स्वतःच्या नावावर चढवून घेण्याची जुनी ख्रिस्ती खोड होती, आणि यहुदी लोकांनी तिची किंमत भोगली. ती खोड या लोकांनी उघडी पाडली. पण रायरी वाचतो कोण? ग्रुपवर येतो तो तक्ता, आणि यूट्यूबवर येतं ते कडाडत्या विजांचं थंबनेल.

स्कोफिल्डचं बायबल मी पहिल्यांदा हातात घेतलं ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायासाठी. प्रभूची प्रार्थना. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." आपल्या आज्या चुलीपुढे म्हणायच्या ते वाक्य. त्याच्या खाली टीप: ही नियमशास्त्राची भूमिका आहे, कृपेच्या काळात आपल्याला ख्रिस्तामुळे आधी क्षमा मिळते आणि म्हणून आपण क्षमा करतो. तर्क म्हणून चुकीचं नाही. इफिसच्या पत्रात तसं आहेच. पण परिणाम बघा. डोंगरावरच्या प्रवचनावरची त्याची टीप म्हणते की त्याचा मुख्य रोख येणाऱ्या राज्याकडे आहे, मंडळीचं कर्तव्य त्यात सांगितलेलं नाही. ख्रिस्ती माणसाला लागू पडते ती त्यातली नैतिक शिकवण. पुस्ती त्यानेच जोडली आहे, हे कबूल. तरी रविवारी बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय शिरतं? की हा भाग आपला नाही. आणि मौज म्हणजे 'आपला नाही' म्हणून बाजूला पडणाऱ्यांत नेमकं काय असतं: शत्रूवर प्रीती, मागेल त्याला द्या, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका. हिशेबाला जड जाणारी सगळी कलमं. वचन आणि टीप एकाच पानावर छापलेली असली की थोड्या वर्षांनी वाचणाऱ्याला दोन्हीचा आवाज सारखाच ऐकू येतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं की प्रभू येणारच आहे, मग या जगाची डागडुजी कशाला? शिकागोचा मोठा प्रचारक डी. एल. मूडी म्हणायचा, हे जग फुटलेलं जहाज आहे, देवाने मला एक होडी दिली आणि सांगितलं, वाचवता येतील तितके वाचव. मूडीने स्वतः शाळा काढल्या, गरिबांच्या पोरांत आयुष्य घातलं, म्हणजे तो त्या वाक्याहून मोठा होता. वाक्य मात्र त्याच्याहून लांब गेलं.

पण इथे उलट बाजूच्या मंडळींनीही जरा थांबावं. अमेरिकेत रेगनच्या मंत्रिमंडळात जेम्स वॉट नावाचे गृहस्थ होते, सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं त्यांच्या खात्यात. पेंटेकॉस्टल माणूस. "शेवटचं झाड पडलं की ख्रिस्त परत येईल" हे वाक्य त्यांच्या नावावर जगभर फिरलं. ते त्यांनी म्हटलेलंच नव्हतं. एका नामवंत पत्रकाराने भाषणात ते वापरलं आणि २००५ मध्ये त्याला माफी मागावी लागली. फेब्रुवारी १९८१ मध्ये संसदेच्या समितीपुढे वॉट बोलले ते असं: प्रभू येण्याआधी किती पिढ्या जातील मला माहीत नाही, पण जितक्या जातील त्यांच्यासाठी साधनसंपत्ती उरेल अशा कौशल्याने कारभार करायला हवा. त्यांची धोरणं मला अजिबात पसंत नाहीत. खाणवाल्यांना आणि तेलवाल्यांना दारं सताड उघडणारा हा माणूस. पण वाक्य बिनचूक आहे, आणि ते म्हणायला त्यांना द्वितीयागमन नाकारावं लागलं नाही.

तसंच दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. अँथनी नॉरिस ग्रोव्ह्स, इंग्लंडमधल्या एक्झेटरचा दातांचा डॉक्टर, डार्बीच्याच सुरुवातीच्या वर्तुळातला. १८२५ मध्ये त्याने एक पुस्तिका लिहिली: ख्रिस्ती माणसाने साठवू नये, द्यावं. आणि दिलं. चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून बगदादला गेला. तिथे प्लेग आणि पूर एकाच वर्षी आले, बायको गेली. १८३३ मध्ये हा माणूस मुंबईत उतरला. प्रभू लवकर येणार असं मानणाऱ्या लोकांतलाच हा. म्हणून 'डिस्पेन्सेशन मानलं की माणूस बेजबाबदार होतो' असं कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही.

लूकचा बारावा अध्याय काढा. धनी बाहेरगावी, घर कारभाऱ्याच्या हाती. त्याला काम काय दिलंय? धनी कधी येणार त्याचा अंदाज बांधणं नव्हे. चाकरमाणसांना वेळच्या वेळी धान्य वाटणं. कारभारी बिघडतो तो 'धनी इतक्यात येत नाही' या विचाराने. मग मारहाण, खाणंपिणं, दारू. म्हणजे येण्याची आस सुटली की कारभार सडतो, हे डिस्पेन्सेशनवाल्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण 'धनी उद्याच येतोय, मग आज धान्य कशाला वाटू' असं म्हणणारा चाकर त्या दाखल्यात शोधून सापडत नाही. तो आपण तयार केला. थेस्सलनीकाच्या मंडळीतही काही जण कामधंदा सोडून बसले होते, आणि पौलाने त्यांना फार प्रेमाने समजावलेलं नाही: काम नको, तर जेवणही नको.

आता आपल्या घरात या. मिशनऱ्यांनी मागे ठेवलेली कंपाउंडं, शाळा, दवाखाने, दफनभूमी, गावागावांतल्या जमिनी. सगळं पब्लिक ट्रस्टच्या नावावर. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६ सांगतं की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. सरकारने कायदा करून आपल्याला लेवीय २५ शिकवावं लागतं: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आहात. तरी काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याच भागातल्या एका कंपाउंडच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे कधी उभे राहिले, करार कोणी केला, भाडं कोणाच्या खात्यात जातं, हे विचारलं की ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "ब्रदर, शेवटचे दिवस आहेत, आत्म्यांची काळजी करा." शेवटचे दिवस असतील तर ऑडिट आधी नको का? हिशेब मागणारा दारात आलाय असं तुम्हीच म्हणताय ना?

बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: काळ मानतो, तक्ता मानत नाही, आणि उचलले जाण्याच्या वेळेवर भांडत नाही. वार्षिक सभेची नोटीस लागली आहे. जमाखर्चाची प्रत सभेआधी मागायचा हक्क प्रत्येक सभासदाला असावा, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. तुमच्या युवक संघातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या मिळाल्या तर बरं होईल. सातबाराचा उतारा मी काढतो.

(कमेंटमध्ये दानीएलाचे सत्तर सप्तक, म्हणजे शेवटच्या काळाचं गणित, घेऊन येणाऱ्यांनी यावं, पण इंग्रजी पीडीएफ चिकटवू नये. स्वतः वाचून लिहावं.)