मोटरचा ऑटो

तरुण शेतकऱ्यांना क्लायमेट-स्मार्ट, म्हणजे बदलत्या हवामानाला धरून करायच्या शेतीची माहिती नाही, त्यांना प्रशिक्षण द्या, असं सारखं कानावर येतं. मध्यंतरी चोपडा तालुक्यात भाच्याच्या मळ्यात गेलो होतो. पोरगा बीएस्सी अ‍ॅग्री, वय २४. मोबाइलमध्ये हवामानाची तीन अ‍ॅप्स. क्लायमेट-स्मार्ट शेती म्हटलं की मल्चिंग, आंतरपीक, बांधाला वारा अडवायला शेवरी, घडाला स्कर्टिंग बॅग, सगळं धडाधड सांगतो. मेळाव्यात मिळालेली टोपीही खुंटीला आहे.

मी विचारलं, "केळीला काल पाणी किती दिलं?"

"लाइट होती तेवढा वेळ, मामा."

म्हणजे मोटरला ऑटो. रात्री ११ला थ्री फेज आली की मोटर आपोआप सुरू, सकाळी ७ला बंद. दोनच एकर, सगळे व्हॉल्व्ह उघडे. झाडाला तासाला ४ लिटरचे दोन ड्रिपर, ८ तास, म्हणजे ६४ लिटर! भर मे महिन्यातही मोठ्या झाडाला २०-२५ लिटर पुरतं. बाकीचं पाणी युरिया-पोटॅश घेऊन मुळांच्या खाली. ठिबकच्या नळ्या जिथून देशभर गेल्या त्या आपल्या जळगाव जिल्ह्यात ही गत, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे बोअर वर्षागणिक खोल.

हे गणित पोराने तोंडी केलं, माझ्याआधी. मग? "आबांना तुम्हीच सांगा."

आबा म्हणजे त्याचे वडील. त्यांचं उत्तर ठरलेलं. "लाइट शे ना, चालू ऱ्हाऊ दे."

आबा अडाणी नाहीत. थंडीत चरक्याच्या, म्हणजे गारठ्याने केळी खराब होण्याच्या भीतीने रात्री उठून केळीला पाणी द्यायचं, ओल्या जमिनीत ऊब टिकते, हे मला त्यांनीच शिकवलं. पण एका मे महिन्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली, आठ दिवस लाइट नाही, उभा बाग करपला. तेव्हापासून मिळेल तेवढं पाणी ओढून घ्यायचं. त्या धास्तीवर कुठलंच अ‍ॅप नाही.

म्हणून "तरुण शेतकऱ्यांना माहिती नाही" हे मला पटत नाही. सातबारा बापाच्या नावावर, पासबुक बापाचं, दुकानातली उधारीही बापाचीच. फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवल्याने, गुलाबी बोंडअळी पोसली जाते हे पोराला पाठ, तरी कपाशी जानेवारीत उभीच. प्रशिक्षणाला पोराला बोलावता ना, बापालाही बोलवा. तेही हॉलमध्ये नको, विहिरीवर घ्या. (जेवण नसलं तरी चालेल.)

शेवटी तडजोड झाली. चार ओळींच्या नळ्यांना कॉक बसवले, रात्री २ला भाचा उठून ते बंद करतो. रविवारी त्याचा फोन आला. आबा रोज सकाळी त्याच ओळींत जातात, माती मुठीत दाबून वाफसा, म्हणजे ओल बेताची आहे का, बघतात, काही बोलत नाहीत. ऑटो अजून काढलेला नाही.