‘बाई सरपंच, कारभार बाप्याचा’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश येऊन पडला. ‘बाई सरपंच, कारभार बाप्याचा’ असे त्याचे शीर्षक होते आणि ‘गावाचे भले हवे असेल तर पुढे पाठवा’ असा शेवट. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : महिला सरपंच सहीपुरत्याच असतात, अंगठेबहाद्दर बायकांना हिशेब कळत नाही, म्हणून त्यांच्या गावांचा विकास खुंटतो, हे आरक्षण दिल्लीने लादले, आपल्या बायकांना ते कधी नकोच होते, राजकारणात पुढे येतात त्या घराण्यांतल्याच लेकी-सुना, आणि जिच्यात खरी धमक आहे तिला कोणी अडवलेले नाही, तेव्हा आरक्षण रद्द करावे.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडवला नाही, कारण तो वाचून माझ्या मावसबहिणीने मला फोन केला. ती नऊ वर्षे बचत गटाची अध्यक्ष आहे. यंदा तिच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी सुटली, तेव्हा गटातल्या बायकांनीच तिला उभे राहण्याचा आग्रह धरला होता. फोनवर ती एवढेच म्हणाली, “ताई, निवडून आल्यावर लोक हेच बोलणार असतील तर मी अर्जच भरत नाही.”

‘धमक असेल तिला कोण अडवतो’ हा मुद्दा सर्वांत खोटा आणि सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडे या गावी मनीषा पानपाटील २०२१ मध्ये सरपंच झाल्या. त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून बांधलेल्या घरात राहतात, अशी तक्रार गावातल्या काही जणांनी केली. त्या घरात आपण राहत नाही, नवरा आणि मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम केला आणि उच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून त्यांची याचिका फेटाळली. अखेर २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सूर्य कांत आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने हे सगळे आदेश रद्द केले. एक स्त्री सरपंच झाली आणि तिच्या निर्णयांप्रमाणे आपल्याला चालावे लागणार, हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, असे न्यायालयाने निकालपत्रात स्पष्टपणे नोंदवले. तिच्या कामात बोट ठेवायला जागा सापडली नाही म्हणून तिला बदनाम करून पदावरून काढण्याचा मार्ग धरला गेला असावा, आणि सरकारी यंत्रणेने पुरावा नीट न तपासताच त्याला साथ दिली, असा त्या निकालाचा आशय आहे.

संदेश लिहिणाऱ्याने हा निकाल एकदा वाचावा. निवडून आलेल्या बाईला आपली खुर्ची परत मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, वकील लावावे लागले, आणि तिच्या घरात कोण कोणाबरोबर राहते याची चौकशी कचेऱ्या-कचेऱ्यांतून झाली. हे अडवणे नसेल तर अडवणे कशाला म्हणायचे? अपात्रतेचे अर्ज पुरुष सरपंचांवरही होतात, हे मला ठाऊक आहे. पण ‘पुरुष सरपंच झाला हे गावाला सहन झाले नाही’ असे एखाद्या न्यायालयाला लिहावे लागल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आता सहीपुरत्या सरपंचांविषयी. यात अर्धे खरे आहे आणि ते मी मान्य करते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका ग्रामसभेत सरपंचबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर डोक्यावरचा पदर सावरत बसल्या होत्या आणि ठराव त्यांचे यजमान वाचून दाखवत होते. वही सहीसाठी पुढे आली तेवढ्यापुरतेच त्यांनी मान वर केली. ‘सरपंचपती’ हा प्रकार इतका सर्रास आहे की केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला त्यावर समिती नेमावी लागली, आणि अशा नवऱ्यांना जरब बसेल असा दंड करावा, असे त्या समितीने सुचवले. म्हणजे बेकायदा खुर्चीत बसतो तो नवरा. आणि संदेशात शिक्षा सुचवली आहे ती बायकोला. दुसऱ्याच्या शेतात कोणी घुसला तर आपण त्याला बाहेर काढतो, शेतमालकाचा सातबारा रद्द करत नाही.

विकास खुंटतो, या दाव्याला एकच संदर्भ पुरेसा आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानमधील उदयपूर या जिल्ह्यांतील २६५ ग्रामपंचायती तपासल्या. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपंचपद फिरत्या पद्धतीने राखीव होत असल्यामुळे दोन्ही प्रकारच्या पंचायतींची तुलना न्याय्य होती. बायका ज्या कामांची मागणी अधिक करत होत्या, त्या कामांवर महिला सरपंचांच्या पंचायतींनी अधिक खर्च केल्याचे आढळले, आणि दोन्ही जिल्ह्यांत त्यात पिण्याचे पाणी होते. बीरभूममधील पुढच्या अभ्यासात असे दिसले की ज्या गावांनी दोन वेळा महिला सरपंच पाहिल्या, तिथे नंतर खुल्या जागांवरही बायका अधिक उभ्या राहिल्या आणि अधिक निवडून आल्या. हे अभ्यास महाराष्ट्रातले नाहीत. पण डोक्यावर हंडा वाहणारी बाई इथेही तीच आहे.

हिशेबाचे म्हणाल तर म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट साताऱ्याकडे सर्वांना माहीत आहे. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्या लिहावाचायला शिकल्या, बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला यंत्राशिवाय व्याज काढायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. माझ्या बहिणीचे कर्जाचे रजिस्टरही मी पाहिले आहे. जमा निळ्या शाईत, थकबाकी लाल शाईत, आणि एका चुकलेल्या हप्त्यासमोर पेन्सिलने लिहिलेले : ‘कापूस विकल्यावर’.

दिल्लीने लादले, हेही खरे नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या हे बरोबर. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८६ साली, शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायकांनी पंचायतीच्या राजकारणात उतरण्याचा निर्धार केला होता.

घराण्यांची टीका विधानसभा-लोकसभेपुरती बरीचशी मला पटते, मात्र तिथे हे आरक्षण अजून लागूच झालेले नाही. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. घराणे नसलेल्या बाईला वर चढायला जी पहिली पायरी मिळते ती गावात आणि लहान शहरात. संथाळ समाजातल्या द्रौपदी मुर्मू १९९७ मध्ये ओडिशातील रायरंगपूर नगर पंचायतीत नगरसेविका झाल्या, तिथून पुढे राष्ट्रपती झाल्या. दलित आणि आदिवासी बायकांसाठी त्या-त्या राखीव जागांतही वाटा ठेवलेला आहे, तो संदेशवाल्यांच्या ध्यानातच नाही.

हे उत्तर मी त्याच गटावर टाकले आहे. बहिणीला विचखेड्याचा निकाल फोनवर वाचून दाखवला, तेव्हा तिने मध्येच विचारले, “मग ती बाई राहिली का सरपंच?” मुदत संपेपर्यंत तिला काम करू द्या असे न्यायालयाने सांगितले आहे, असे मी म्हटले. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग अर्जासोबत कोणकोणते दाखले लागतात, ते तिने मला लिहून पाठवायला सांगितले.