'ग्रेट बॅरियर रीफ ठणठणीत आहे' असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफबद्दलचा, म्हणजे तिथल्या समुद्रातल्या कोरलच्या (प्रवाळांच्या) प्रचंड पट्ट्याबद्दलचा, तो मेसेज परत फिरायला लागलाय. ३६ वर्षांतलं सगळ्यात जास्त कोरल सापडलं, म्हणजे रीफ ठणठणीत आहे, ब्लीचिंगचा (गरम पाण्याने कोरल पांढरं पडण्याचा) नुसता बागुलबुवा, शास्त्रज्ञांनी फंडिंगसाठी लोकांना घाबरवलं, असा सगळा सूर. एकेक मुद्दा घेऊया, कारण पहिला आकडा खरा आहे आणि म्हणूनच हे लोकांना पटतंय.

आकडा ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचा, २०२२ चा. रीफच्या तळाचा जिवंत कोरलने झाकलेला भाग उत्तरेत ३६ टक्के, मध्य भागात ३३ टक्के, तिथे तो खरंच रेकॉर्ड होता. दक्षिणेत मात्र त्याच वर्षी ३८ वरून ३४ वर घसरला, हे मेसेजमधून गायब.

आता हा टक्का मोजतात कसा ते बघा. बोटीच्या मागे दोराला एक बोर्ड बांधलेला असतो, तो धरून एक माणूस पाण्यातून ओढला जातो, दर दोन मिनिटांनी बोट थांबते आणि तळाचा किती भाग जिवंत कोरलने झाकलाय याचा अंदाज तो लिहून ठेवतो, असं करत रीफभोवती पूर्ण चक्कर. पद्धत चांगलीच आहे, इतकी वर्षं तीच वापरली म्हणून तर तुलना करता येते. पण या टक्क्यात कोरल किती ते कळतं, कुठलं आणि किती जुनं ते कळत नाही. २०२२ ची वाढ मुख्यतः ॲक्रोपोराची होती, म्हणजे फांद्यांसारखी नाहीतर टेबलासारखी पसरणारी कोरल्स, यातली काही वर्षाला १० सेंटीमीटरसुद्धा वाढतात. पोरायटीससारखं गोल, भरीव कोरल वर्षाला साधारण एखाद सेंटीमीटर वाढतं, त्यामुळे पुरुषभर उंचीचं पोरायटीस मेलं तर ते दहा वर्षांत परत येत नाही, टक्का कितीही भरून निघू दे.

आणि ॲक्रोपोरा भराभर वाढतं तसं भराभर जातंही. उष्णतेत लवकर मरतं, वादळात मोडतं, काटेरी तारामाशांचं तर ते आवडतं खाणं. झालंही तेच. २०२४ च्या उन्हाळ्यातल्या ब्लीचिंगनंतर, वादळं आणि तारामासेही होतेच, २०२५ च्या रिपोर्टमध्ये उत्तर भाग ३९.८ वरून ३० टक्क्यांवर आणि दक्षिण भाग ३८.९ वरून २६.९ वर आला. मोजणी सुरू झाल्यापासून या दोन्ही भागांतली एका वर्षातली ही सगळ्यात मोठी घसरण, आणि सगळ्यात जास्त फटका ॲक्रोपोरालाच. मोजमाप तेच, संस्था तीच, फक्त हा आकडा कोणी फॉरवर्ड करत नाही.

'ब्लीचिंग पूर्वीही व्हायचं.' हो, पण किती वेळा? मोठ्या ब्लीचिंगची वर्षं बघा: १९९८, २००२, मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. आधी मध्ये १४ वर्षं मिळाली होती, आता एखाद-दोन. त्यात २०२२ हे ला निन्याचं वर्ष, म्हणजे पाणी तुलनेने थंड असायला हवं होतं, तरी झालं.

'कोरलला गरम पाणीच लागतं ना?' लागतं, पण प्रत्येक ठिकाणच्या कोरलची एक मर्यादा असते आणि ते तिच्या अगदी काठावर जगतं. तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद डिग्रीने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की कोरल आपल्या शरीरातलं शैवाल बाहेर टाकतं. रंग त्या शैवालाचा, बहुतेक अन्नही त्याच्याकडूनच, त्यामुळे पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो आणि कोरल उपाशी पडतं. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही, पाणी वेळेत निवलं तर वाचतं. नाही निवलं तर काय होतं ते कोरलचे अभ्यासक टेरी ह्यूज आणि त्यांच्या टीमने २०१६ मध्ये मोजलं: मार्च ते नोव्हेंबरमध्ये रीफवरचं उथळ पाण्यातलं जवळपास ३० टक्के कोरल गेलं. पुढचं त्याहून वाईट वाटतं मला, २०१८ मध्ये नवीन रुजणारी कोरलची पिल्लं आधीच्या वर्षांच्या तुलनेत ८९ टक्क्यांनी कमी होती, कारण पिल्लं देणारी मोठी कोरल्सच मेली होती.

राहिला फंडिंगचा आरोप. अहो, तो रेकॉर्ड जगाला सांगितला कोणी? त्याच शास्त्रज्ञांनी, आणि ही वाढ ॲक्रोपोराची आहे, ती पटकन जाऊ शकते हेही तेव्हाच सांगितलं होतं. मेसेज बनवणाऱ्याने पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं कापलं.