'पॅरानॉइड -१ करा की झालं': हिंजवडीकरांना उत्तर

'परफ' हे लिनक्समधलं प्रोग्रामचा वेग मोजायचं साधन, आणि 'पॅरानॉइड' ही ते कोणाला वापरू द्यायचं हे ठरवणारी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सेटिंग. आर्म बोर्डवर परफसाठी कर्नल बांधायच्या माझ्या लेखावर "एक हिंजवडीकर" लिहितात: "एक्स८६वर परफ इव्हेंट्स कायमच चालू असतात. कर्नल बांधायला लावून लोकांचा रविवार कशाला फुकट घालवता? पॅरानॉइड -१ करा की झालं. आधी वाचा, मग शिकवा. तुमचं परफही जुनं आहे."

चूक दाखवायला ना नाही, पण "आधी वाचा" हा सूर पेठेतल्या दुकानाच्या पाटीवर शोभतो. २००९ साली २.६.३१ कर्नलमध्ये परफची सोय आली, तेव्हा तिचं नावही परफॉर्मन्स काउंटर्स होतं. तेव्हापासून हेच करतोय, म्हणून ते जरा लागलं.

एक मान्य. एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) 'कॉन्फिग_परफ_इव्हेंट्स' हा कर्नल बांधतानाचा पर्याय आपोआप निवडला जातो, मेनूतून बंद करता येत नाही. ते मी लिहायला हवं होतं, आता घातलंय. पण माझ्या लेखाच्या शीर्षकात 'आर्म बोर्ड' असं स्पष्ट आहे. तेवढं तरी वाचलंत?

आता तुमचं "-१ करा की झालं". पॅरानॉइड ही फक्त परवानगी आहे; आकडा जितका मोठा, तितकी बंदी जास्त. मूळ कर्नलमध्ये ४.६पासून ती २ असते, आणि २ वरही साधा वापरकर्ता आपल्याच प्रोग्रामच्या सायकल्स (प्रोसेसरचे ठोके) 'सायकल्स:यू' लिहून मोजू शकतो. १ केलं की कर्नलमधलंही दिसतं, ० ला अख्ख्या सीपीयूवरचं. डेबियन ३ ठेवतं, उबुंटू ४. तिथे साध्या वापरकर्त्याला दार बंद, म्हणून सगळे घाबरून थेट -१ करतात. सामायिक सर्व्हरवर हे करणं म्हणजे घराची किल्ली वॉचमनकडे नाही, थेट गेटवर टांगणं. ५.८पासून 'कॅप_परफमॉन' आहे, एकाच माणसाला तेवढा हक्क देता येतो.

आणि प्रोसेसरमधला मोजणारा काउंटरच नसेल तर परवानगी कसली देणार? ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनवर होस्टने (खालच्या खऱ्या मशीनने) पीएमयू, म्हणजे हे काउंटर असलेला प्रोसेसरचा भाग, पुढे दिलेला नसेल, तर 'परफ स्टॅट' सायकल्ससमोर 'नॉट सपोर्टेड' छापतं. -१ करा नाहीतर -१००. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेत) सीपीयूच्या पर्यायांत 'पीएमयू=ऑन' लागतं.

आर्मवर तर दोन गोष्टी लागतात: कर्नलमध्ये पीएमयूचा ड्रायव्हर, आणि डिव्हाइस ट्रीत (बोर्डवर काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या यादीत) 'पीएमयू' नोड, म्हणजे नोंद, बरोबर इंटरप्टसह (प्रोसेसरला हाक देणाऱ्या संकेतासह). नोड नसेल तर '/सिस/बस/इव्हेंट_सोर्स/डिव्हाइसेस'मध्ये हार्डवेअरचा पीएमयू दिसतच नाही. नोड आहे पण इंटरप्ट नाही, ही फसवी अवस्था: 'परफ स्टॅट' छान आकडे देतं, 'परफ रेकॉर्ड' मात्र सायकल्सवर सॅम्पलिंगला (ठरावीक ठोक्यांनी नमुना घ्यायला) नकार देतं, कारण काउंटर भरून ओव्हरफ्लो झाल्याचं सांगणारंच कोणी नसतं. बहुतेकांचा रविवार जातो तो इथे.

परफच्या आवृत्तीने यातलं काही बदलत नाही. पुढच्या वेळी 'डीमेसेज'मधली (कर्नलच्या नोंदींतली) पीएमयूची ओळ चिकटवा, मग बोलू.